छापील अक्षराची साक्ष

सकाळीं दाराशीं वर्तमानपत्र पडतें, आणि तें उचलावयास जाणाऱ्या गृहस्थाच्या घरांत त्यांतील बहुतेक बातम्या आदल्या रात्रींच येऊन गेलेल्या असतात. मुलानें त्या मोबाईलवर वाचलेल्या असतात, सुनेला त्या कोणीं तरी पाठविलेल्या असतात, आणि नातवानें तर त्यांचें चलच्चित्रहि पाहिलेलें असतें. अशा घरांत महिनाअखेर पेपरवाल्याचें बिल आलें, म्हणजे एक प्रश्न हमखास निघतो : शिळ्या बातम्यांसाठीं पैसे कां मोजावे ? प्रश्न विचारणारा उद्धट नसतो. तो हिशेबी असतो. त्याला "पूर्वीं असें नव्हतें" एवढेंच सांगणें हें उत्तर नव्हे. पूर्वीं पुष्कळ गोष्टी होत्या, आणि त्यांपैकीं कित्येक गेल्या हें चांगलेंच झालें. छापील कागद टिकावा असें ज्याला वाटतें, त्यानें त्या कागदाचा आजचा उपयोग दाखविला पाहिजे.

तो दाखविण्यासाठीं फार लांब जावयास नको. अहमदनगर जिल्हा, ज्याचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर असें झालें, हा एकच जिल्हा घेतला तरी अक्षराच्या सर्व अवस्था तेथें ओळीनें पाहावयास मिळतात.

प्रवरेच्या कांठीं नेवासें येथें शके १२१२ मध्यें, म्हणजे इ. स. १२९० सालीं, ज्ञानेश्वरांनीं गीतेवरील टीका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनीं ती लिहून घेतली, हें प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. त्यापुढची गोष्ट मात्र तितकीशी ध्यानांत घेतली जात नाहीं. मूळ पोथीवरून नकला झाल्या, नकलांवरून पुन्हां नकला झाल्या, आणि सुमारें तीनशें वर्षांत त्यांत इतके पाठभेद शिरले, कीं शके १५०६ मध्यें एकनाथांना शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली. एवढेंच नव्हे, तर या ग्रंथांत कोणीं आपली ओवी घालूं नये, असेंहि त्यांना बजावून ठेवावें लागलें. नकला करणारे कांहीं लबाड नव्हते. ते भाविकच असले पाहिजेत. परंतु एकाची नजर चुकते, दुसरा कठीण शब्दाच्या जागीं सोपा शब्द घालतो, तिसऱ्याला भक्तीच्या भरांत स्वतःची एक ओळ सुचते. मजकूर हातोहात जाऊं लागला, म्हणजे तो बदलूं लागतो. त्यासाठीं कोणाच्याहि मनांत पाप असावें लागत नाहीं.

छापखान्यानें ही अडचण बव्हंशीं दूर केली. एकदां खिळे जुळले, मुद्रितें तपासून झालीं आणि हजार प्रती निघाल्या, म्हणजे त्या हजारहि प्रती एकच साक्ष देतात. त्यांत चूक असेल तर तीहि हजार ठिकाणीं सारखीच असते; म्हणूनच ती पकडतां येते. एक प्रत वाळवीनें खाल्ली, दुसरी कोणीं रागानें जाळली, तरी बाकीच्यांना त्याचा पत्ताहि नसतो. हस्तलिखिताचा साक्षीदार एकटा असतो. छापील अक्षराचे साक्षीदार गांवोगांव पसरलेले असतात, आणि ते एकमेकांना ओळखत नसल्यामुळें त्यांना फितवितां येत नाहीं.

नगर शहराला ही किंमत लवकर कळली. तेथील जिल्हा वाचनालयाची स्थापना १८३८ सालची. महाराष्ट्रांतील अगदीं आरंभींच्या वाचनालयांत त्याची गणना होते. चारच वर्षांनीं, १८४२ सालीं, अमेरिकन मिशननें नगर येथेंच 'ज्ञानोदय' हें नियतकालिक सुरू केलें. त्याचा हेतु धर्मप्रसाराचा होता, आणि त्या हेतूविषयीं ज्याचें त्याचें मत निराळें असूं शकेल. परंतु पुढें मुंबईस गेलेल्या या पत्राच्या जुन्या पानांत एक गोष्ट अशी आहे, कीं तिच्याविषयीं मतभेदाला जागा नाहीं. पुण्यास जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेंत मुक्ता साळवे नांवाची मातंग समाजांतील एक मुलगी शिकत होती. तिचें वय सुमारें चौदा वर्षांचें. मांग-महारांच्या दुःखांविषयीं तिनें लिहिलेला निबंध 'ज्ञानोदया'नें १८५५ च्या फेब्रुवारी व मार्च महिन्यांतील दोन अंकांत छापला.

या गोष्टीचा विचार थोडा थांबून करावा. त्या मुलीच्या हातांत सत्ता नव्हती, संपत्ति नव्हती, आणि तिचें बोलणें कोणी जपून ठेवील अशी समाजाची रीतहि नव्हती. तिचा निबंध वहींतच राहिला असता, तर त्या वहीचें काय झालें असतें हें सांगावयास ज्योतिषी नको. तो छापला गेला म्हणून पावणेदोनशें वर्षांच्या जवळपास काळ लोटला तरी तिचे शब्द तिचेच राहिले. त्यांत कोणाला भर घालतां आली नाहीं आणि त्यांची धार कोणाला बोथट करतां आली नाहीं. थोरामोठ्यांचीं वचनें कोणी ना कोणी सांभाळतोच. छापील कागदाची खरी गरज असते ती दुबळ्यांना.

हीच गोष्ट पुढें नेवासें तालुक्यांतल्याच एका खेड्यानें सिद्ध केली. कुकाण्याजवळ तरवडी नांवाचें गांव आहे. १८७७ सालीं पुण्यांत 'दीनबंधु' पत्र काढणारे कृष्णराव भालेकर यांचे चिरंजीव मुकुंदराव हे दत्तक जाऊन तरवडीचे पाटील झाले. १८८५ सालीं जन्मलेल्या या गृहस्थांनीं १९१० सालीं 'दीनमित्र' हें साप्ताहिक सुरू केलें, आणि पुढें तरवडीसारख्या आडगांवांतून तें १९६७ सालीं मृत्यु येईपर्यंत चालविलें. छापखाना म्हणजे शहरची वस्तु, अशी समजूत असण्याच्या काळांत एका खेड्यांत सत्तावन्न वर्षें एक पत्र चालतें, ही गोष्ट सामान्य नव्हे. कागद बाहेरून आणावयाचा, अक्षर अक्षर हातानें जुळवावयाचें, अंकांच्या घड्या घालून पत्ते चिकटवावयाचे, आणि टपालाची वेळ चुकूं द्यावयाची नाहीं. असा हा दर आठवड्याचा नेम असतो. वर्गणी थकली तरी अंक थकून चालत नाहीं.

मुकुंदराव सत्यशोधक विचारांचे होते. त्यांच्या लिखाणांत 'कुलकर्णी-लीलामृत' नांवाचें एक पुस्तक आहे. कोणत्याहि पेशांतलीं सगळींच माणसें वाईट असतात असें नव्हे. पण त्या पुस्तकामागचें दुःख खरें होतें. शेतकऱ्याची जमीन, त्याचा सारा, त्याचें कर्ज हें सर्व दुसऱ्याच्या दप्तरांत लिहिलेलें असे. तें दप्तर त्याला वाचतां येत नसे. त्यांत आज काय आहे हें त्याला कळत नसे, आणि तें काल काय होतें हें तर मुळींच कळत नसे. एकाच्याच हातीं दप्तर आणि बाकीच्यांनीं त्याच्या तोंडाकडे पाहावयाचें, हीच अन्यायाची जागा. 'दीनमित्र'सारखें पत्र ह्याच्या नेमकें उलट होतें. तें ज्याच्या घरीं गेलें त्याच्या मालकीचें झालें. संपादकाला उद्यां वाटलें, तरी कालचा अंक परत मागवून त्यांतील ओळ खोडतां येत नसे.

आजच्या सुशिक्षित घराला हें जुन्या काळचें रडगाणें वाटण्याचा संभव आहे. परंतु मोबाईलच्या पडद्यावर जें वाचलें जातें, त्याचें दप्तर कोणाच्या घरीं असतें ? वाचणाऱ्याच्या घरीं खास नव्हे. तें हजारों कोसांवरील यंत्रांत असतें, आणि त्याची किल्ली त्या यंत्राच्या मालकाकडे असते. सकाळीं एका संकेतस्थळावर एक मथळा असतो, दुपारीं दुसरा दिसतो, आणि संध्याकाळीं बातमीच नाहींशी होते. सकाळीं काय होतें असें कोणीं विचारलें तर दाखवावयास हातांत कांहीं उरत नाहीं. २००९ च्या जुलै महिन्यांत ॲमेझॉन कंपनीनें आपल्या 'किंडल' नांवाच्या वाचनयंत्रावर विकलेलीं जॉर्ज ऑर्वेल यांचीं दोन पुस्तकें, हक्कांचा वाद निघाल्यामुळें, गिऱ्हाइकांच्या यंत्रांतून परस्पर काढून घेतलीं. पैसे परत दिले, हें खरें. परंतु त्यांतलें एक पुस्तक '१९८४' हें होतें. आणि जुन्या वर्तमानपत्रांचे अंक बदलून भूतकाळच बदलून टाकणाऱ्या राजवटीची कथा त्याच पुस्तकांत आहे. घरांतल्या कपाटांतून असें पुस्तक न्यावयाचें, तर विक्रेत्याला निदान दार तरी ठोठवावें लागलें असतें.

जाणूनबुजून काढून घेणें बाजूला ठेवलें, तरी नुसत्या काळाच्या ओघांतहि हे पडद्यावरचे लेख फार वेगानें विरतात. अमेरिकेंतील प्यू संशोधन संस्थेनें २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत असें आढळलें, कीं २०१३ सालीं इंटरनेटवर असलेल्या पानांपैकीं ३८ टक्के पानें दहा वर्षांनीं उघडेनाशीं झालीं होतीं. उलट, छापील पुस्तकाच्या बाबतींत आपल्या देशानें १९५४ सालींच कायदा करून ठेविला आहे. त्याअन्वयें प्रकाशकानें प्रत्येक पुस्तकाची एकेक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास व आणखी तीन ठराविक ग्रंथालयांस द्यावयाची असते, आणि दोन वर्षांनीं वर्तमानपत्रांसहि तो लागू करण्यांत आला. त्या तीन ग्रंथालयांपैकीं एक मुंबईस आहे. नातवाला आजोबांच्या काळचा अंक पाहावयाचा असेल, तर तो शोधावयास निदान एक पत्ता तरी असतो.

टिकाऊपणाहून अधिक महत्त्वाची गोष्ट जबाबदारीची आहे. १८६७ च्या कायद्यानें या देशांत छापलेल्या प्रत्येक पुस्तकावर व वर्तमानपत्रावर मुद्रकाचें नांव आणि छपाईचें ठिकाण घालणें बंधनकारक केलें. नियतकालिकांपुरता त्याच्या जागीं २०२३ सालीं नवा कायदा झाला, तरी ती जुनी शिस्त छापखान्यांच्या अंगवळणीं पडलेली आहे. शेवटच्या पानाच्या तळाशीं बारीक टाइपांत असलेल्या त्या दोन ओळी बहुतेक वाचक वाचीत नाहींत. परंतु सबंध अंकांत सर्वांत मोलाच्या ओळी त्याच असतात. त्यांचा अर्थ असा, कीं या कागदावर जें आहे त्याचा जाब देणारा मनुष्य अमुक, आणि तो अमुक ठिकाणीं भेटतो.

जाब देणारा कोणी नसला म्हणजे काय होतें, हें महाराष्ट्रानें १ जुलै २०१८ रोजीं पाहिलें. धुळें जिल्ह्याच्या साक्री तालुक्यांतील राईनपाडा येथें, मुलें पळविणारी टोळी आल्याच्या अफवेनें खवळलेल्या जमावानें भिक्षेवर पोट भरणाऱ्या भटक्या समाजांतील पांच निरपराध माणसांना ठार मारलें. ती अफवा मोबाईलवरील संदेशांतून पसरली होती. तो संदेश प्रथम कोणीं लिहिला ? कोठें लिहिला ? केव्हां लिहिला ? प्रत्येकानें तो दुसऱ्याकडून घेतला होता आणि तिसऱ्यास दिला होता. सगळ्यांनीं पोंचविला आणि लिहिला कोणींच नाहीं ! पोथीच्या नकलेंत तीनशें वर्षांत जो दोष सांचला, तो येथें कांहीं दिवसांत सांचला. आणि ओवी बिघडली तर अर्थ जातो, येथें प्राण गेले.

याचा अर्थ छापील पत्रें निर्दोष असतात असा मुळींच नव्हे. २००९ सालच्या निवडणुकींच्या वेळीं पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचा प्रश्न याच महाराष्ट्रांत निघाला होता, आणि तो छापील पत्रांनाच लाज आणणारा होता. परंतु तो उघडकीस कसा आला, तेंहि पाहावें. निरनिराळ्या पत्रांत तोच मजकूर शब्दशः छापलेला आढळला. ते अंक शेजारीं शेजारीं ठेवतां आले. कागदानें स्वतःच्या धन्याविरुद्ध साक्ष दिली. जो साक्षीदार मालकाचीहि भीड ठेवीत नाहीं, तो सांभाळण्यासारखा असतो.

कायद्यालाहि ही साक्ष अजून लागते. २०१३ च्या भूसंपादन कायद्यान्वयें जमीन घेण्याची प्राथमिक अधिसूचना त्या भागांत खपणाऱ्या दोन दैनिकांत प्रसिद्ध व्हावी लागते, आणि त्यांतील एक प्रादेशिक भाषेंतील असावें लागतें. निवडणुकीस उभ्या राहणाऱ्या उमेदवारावर फौजदारी खटले असतील, तर त्यांची माहिती वर्तमानपत्रांत प्रसिद्ध झाली पाहिजे, असा दंडक सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं घालून दिला. ज्या घरांत वर्तमानपत्र येतच नाहीं, त्या घराला आपल्याच जमिनीची नोटीस शेजाऱ्याकडून कळावयाची.

आतां दुसऱ्या बाजूचा न्यायहि केला पाहिजे. सात-बाराचा उतारा घरबसल्या मिळतो, ही शेतकऱ्याची मोठी सोय आहे. कांद्याचा भाव बाजाराला निघण्यापूर्वीं कळतो, हीहि आहे. अंधांना यंत्र पुस्तक वाचून दाखवितें, आणि परदेशीं गेलेल्या मुलाला नगरची बातमी त्याच घटकेस समजते. जीर्ण झालेल्या अंकांचीं छायाचित्रें घेऊन ठेवण्याचें कामहि हेंच नवें साधन करूं शकतें. कारण कागदाला वाळवी, ओल आणि आग यांची भीति आहेच. तेव्हां भांडण कागदाचें आणि पडद्याचें नव्हे. वेग हवा तेथें पडदा घ्यावा. जेथें ठाम शब्द हवा, तेथें कागद घ्यावा. घरांत विजेचा दिवा आला म्हणून देव्हाऱ्यांतील समई कोणीं मोडीत काढली नाहीं.

मुलांच्या शिक्षणाच्या बाबतींत तर हा विवेक फार अगत्याचा आहे. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका परीक्षणांत निरनिराळ्या देशांतील ५४ अभ्यास एकत्र तपासण्यांत आले. त्यांत १ लाख ७१ हजार वाचकांचा समावेश होता. माहितीपर मजकूर कागदावर वाचणारांना तो पडद्यावर वाचणारांपेक्षां अधिक चांगला समजतो, असें त्यांतून दिसून आलें. गोष्टींच्या बाबतींत मात्र असा फरक आढळला नाहीं. २०२३ सालीं स्वीडनसारख्या पुढारलेल्या देशाच्या सरकारनेंहि शाळांत छापील पाठ्यपुस्तकें परत आणण्यासाठीं खास रक्कम मंजूर केली. ज्यांनीं पडदा आधीं आणला, त्यांना कागदाची आठवण आधीं झाली, एवढाच त्याचा अर्थ.

वर्तमानपत्राची वाट पाहणें म्हणजे काय असतें, याची एक आठवण नगरच्याच किल्ल्यांत घडलेली आहे. ऑगस्ट १९४२ मध्यें काँग्रेस कार्यकारिणीचे सभासद त्या किल्ल्यांत स्थानबद्ध झाले. पंडित नेहरूंनीं तेथेंच १९४४ सालीं पांच महिन्यांत 'भारताचा शोध' हा ग्रंथ लिहिला, हें सर्वश्रुत आहे. त्यांचे सोबती मौलाना अबुल कलाम आझाद यांच्या पत्नी १९४३ सालीं कलकत्त्यास अत्यवस्थ होत्या. दुपारीं बारा ते एकच्या सुमारास वर्तमानपत्र येई. तें आणणाऱ्या अधिकाऱ्याच्या पावलांचा आवाज ऐकूं आला, कीं आज काय वाचावें लागेल या विचारानें मौलानांचें काळीज धडधडूं लागे. पण ते दाराकडे पाठ करून बसलेले असत, आणि आपली व्याकुळता चेहऱ्यावर येऊं देत नसत. हें त्यांनींच 'गुबार-ए-खातिर' मध्यें पुढें लिहून ठेवलें. त्या एप्रिलमध्यें ती बाई गेली. तुरुंगाच्या भिंतींतून बाहेरचें जग आंत येण्याची एक वाट तो कागद होता, आणि त्यावर जें छापलेलें असेल तें खरें असेल, या विश्वासामुळेंच त्या पावलांची भीति वाटत असे. ज्या शब्दावर विश्वास नाहीं, त्याची कोणी अशी वाट पाहत नाहीं आणि त्याला कोणी असें भीतहि नाहीं.

२०२० च्या एप्रिलमध्यें साथीमुळें महाराष्ट्रांत घरोघर वर्तमानपत्र टाकण्यास कांहीं दिवस मनाई झाली होती. त्या दिवसांत संदेशांना तोटा नव्हता. अमुक काढा घ्या, तमुक खाऊं नका, असें दर घटकेस कोणी ना कोणी सांगत होतें. उणीव होती ती एका अशा कागदाची, कीं जो दिवसांतून एकदांच बोलतो आणि बोललेलें बदलत नाहीं. पत्र पुन्हां दाराशीं पडूं लागलें, तेव्हां कित्येक घरांत तें बातमीसाठीं उचललें गेलें नाहीं; तें खात्रीसाठीं उचललें गेलें.

तेव्हां महिनाअखेरच्या त्या प्रश्नाचें उत्तर असें आहे, कीं पेपरवाल्याला दिलेले पैसे शिळ्या बातमीचे नसतात. ते साक्षीदाराच्या पोटगीचे असतात. त्याला वर्षभर कोणीं पोसलें नाहीं, तर खटल्याच्या दिवशीं तो हजर राहणार नाहीं. यासाठीं घरोघर फार मोठा त्याग करावयास नको. एक पत्र आणि एक मासिक चालू ठेवावें. रोज संध्याकाळीं मुलांकडून त्यांतील एखादा उतारा मोठ्यानें वाचून घ्यावा. गांवाविषयींचें कात्रण कापून त्यावर तारीख घालून ठेवावें. जुने अंक रद्दींत देण्यापूर्वीं जवळच्या वाचनालयास विचारावें. आणि मोबाईलवर आलेला संदेश पुढें धाडण्यापूर्वीं छापील पत्राच्या तळाशीं असलेल्या त्या दोन ओळींची आठवण ठेवून तीन प्रश्न विचारावे : कोणीं लिहिलें, कोठें लिहिलें, केव्हां लिहिलें ? उत्तर मिळालें नाहीं, तर तो संदेश तेथेंच थांबवावा.

तरवडीस आज मुकुंदरावांचें स्मारक उभें आहे. परंतु त्यांचें खरें स्मारक अशाच एखाद्या घरांत असतें, जेथें सकाळीं पत्र उचललें जातें, तें घरांतलीं सर्व माणसें पाळीपाळीनें वाचतात, आणि दुपारीं तें घडी घालून, तारखेवार, कोनाड्यांत ठेवलें जातें.